कलेजी पाहून मुरडणारी नाके

गेल्या वर्षी सहा महिने मुलाकडे इंग्लंडला राहण्याचा योग आला. सूनबाईला पाचवा महिना लागला होता, घरात नऊ वर्षांची नात आणि मुलगा सकाळी सातलाच कामावर निघणारा. तेव्हा चिपळूणचे घर धाकट्यावर सोपवून मी निघाले. मुलाचे घर बोल्टनला आहे. मँचेस्टरच्या अंगाला असलेले हे जुने गिरण्यांचे गाव. गिरण्या बंद पडून बराच काळ लोटला, पण लाल विटांच्या काही इमारती अजून उभ्या आहेत. गुजराती, पाकिस्तानी आणि आपले काही कोकणी मुसलमान तिथे स्थायिक आहेत. त्यामुळे मशिदींची किंवा हलाल मांसाच्या दुकानांची वाण नाही.

बकरी ईद मी तिथे असतानाच आली. तिकडे कुर्बानी सरकारमान्य कत्तलखान्यातच करावी लागते. आधी दुकानदाराकडे नाव नोंदवायचे, पैसे भरायचे आणि वाट पाहायची. आमचे मांस दुसऱ्या दिवशी दुपारी पिशव्यांतून घरी आले. स्वच्छ, तुकडे केलेले, थंडगार. पिशव्या उघडून पाहते तो कलेजी नाही, गुर्दे नाहीत, सिरी-पाये नाहीत. आपल्याकडे ईदची नमाज पढून आल्यावर घरातली माणसे तोंडात काही न घालता थांबतात ती कलेजीसाठी. रसूलुल्लाह (स.) त्या दिवशी पहिला घास आपल्या कुर्बानीतलाच घेत, ही आठवण त्यामागे असते. मुलाने माझा चेहरा पाहिला आणि गाडी काढून हलालच्या दुकानातून वेगळी कलेजी आणून दिली. कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, भरपूर मिरपूड आणि मीठ अगदी शेवटी, अशी मी ती तव्यावर केली. सोबत तांदळाची भाकरी. मुलगा जेवताना एक शब्द बोलला नाही, यावरून काय ते समजा.

त्याच आठवड्याच्या शनिवारी नातीच्या वर्गातल्या दोन मुली आमच्याकडे जेवायला यायच्या होत्या. आदल्या रात्री नात माझ्या पांघरुणात शिरली आणि हळूच म्हणाली, "दादी, उद्या ते टेबलावर नको ना ठेवूस."

"ते म्हणजे काय गं?"

"ते... आतलं. लिव्हर वगैरे. त्यांना 'यक' होईल. मग सोमवारी सगळ्या वर्गाला सांगतील."

मी ठेवले नाही. पोरीला मैत्रिणींसमोर ओशाळवायचे नव्हते. बिर्याणी झाली, कबाब झाले, मुली खाऊन-पिऊन खुशीत घरी गेल्या. पण तो 'आतलं' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. हीच पोरगी चार वर्षांची असताना चिपळूणला आली होती, तेव्हा आजोबांच्या ताटातली कलेजी वेचून खात होती. मधल्या पाच वर्षांत तिला ही किळस कुणी शिकवली? घरात तर कुणीच नाही.

शेजारी ऐंशी ओलांडलेली एक गोरी बाई एकटी राहते. दुपारी कुंपणाच्या भिंतीवरून आमच्या गप्पा चालत. शाळामास्तरणीच्या इंग्रजीवर माझे निभावून जाई. मी तिला सहज विचारले, तुम्ही लोक कलेजी-गुर्दे खात नाही का? ती मोठ्याने हसली. "अगं लव्ह, (तिकडे भाजीवालाही आपल्याला 'लव्ह' म्हणतो, मनावर घ्यायचे नसते) आम्ही तर त्यावरच वाढलो!" आणि मग तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. कलेजी आणि कांदा आठवड्यातून एकदा ठरलेला. जनावराचे हृदय पावाचा चुरा आणि कांदा भरून भाजलेले. जीभ उकडून, दाबून, थंड कापे करून रविवारच्या चहाबरोबर. गुर्दे घातलेली 'स्टेक अँड किडनी पाई'. आणि ट्राइप, म्हणजे आपली वजडी, दुधात कांद्याबरोबर शिजवलेली.

वजडी आणि दूध! मी 'तौबा' म्हणायचे तेवढे राहिले.

बोल्टनसारख्या गिरणगावांत वजडीची खास दुकाने असत, हे तिच्याकडूनच कळले आणि पुढे वाचनातही आले. लँकशायरमध्ये बायका गिरणीत कामाला जात. संध्याकाळी घरी आल्यावर चूल पेटवायला वेळ नसे, कोळसाही जपून वापरायचा. साफ करून उकडलेली पांढरीशुभ्र वजडी दुकानातून आणायची आणि मीठ, मिरपूड, सिरका शिंपडून थंडच खायची. ते कष्टकऱ्यांचे तयार जेवण होते. गिरण्या गेल्या, हातात पैसा आला, वजडीची दुकाने मिटली.

"मग तुम्ही सोडलेत कशाला?" मी विचारले. तिने दोन कारणे सांगितली. एक म्हणजे लोकांना परवडू लागले तसे ते चांगल्या तुकड्यांकडे वळले. गुर्दे मागताना दुकानात इतर बायका बघतील असे वाटू लागले. दुसरे कारण तिने तोंड वाकडे करून सांगितले: शाळेतले जेवण. युद्धानंतरच्या शाळांत मोठ्या कढयांत तासन्‌तास शिजवलेली कलेजी मिळे. करड्या रंगाची, चामड्यासारखी, मध्ये पांढऱ्या नळ्या. ताट रिकामे केल्याशिवाय बाई उठू देत नसत. "लव्ह, त्या शाळेच्या कलेजीनंच आमची कलेजी मारली."

मला हे कारण फार पटले. कलेजी ही अशी वस्तू आहे की दोन मिनिटे जास्त झाली तर चप्पल होते. ज्यांनी आयुष्यात ती एकदाच आणि तीही तशीच खाल्ली, त्यांची नाके मुरडली तर दोष नाकाचा नाही.

मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागले. इंग्रजीत जनावराच्या आतल्या वस्तूंना 'ऑफल' म्हणतात. मूळ अर्थ, कापताना खाली पडते ते. याच शब्दाचा दुसरा अर्थ केरकचरा. ज्या वस्तूचे नावच कचरा, ती पोरांनी आवडीने कशी खावी? हरणाच्या आतल्या भागांना पूर्वी 'अंबल्स' म्हणत आणि त्यांची पाई करत. 'हंबल' म्हणजे नम्र, दीन. त्या शब्दाशी खेळ करून 'हंबल पाई खाणे' म्हणजे मान खाली घालून माघार घेणे असा वाक्प्रचार झाला. आपली भाषा पाहा. शूराला वाघाचे काळीज असते, लेकरू काळजाचा तुकडा असते, जिवलग मित्र जिगरी असतो, आणि फारसीत जिगर म्हणजे कलेजीच. गंमत अशी की इंग्रजीतही हे एके काळी होते. हृदय, कलेजी, फुफ्फुसे यांना खाटकाच्या बोलीत 'प्लक' म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ हिंमत असाही आहे. भित्र्याला ते 'पांढऱ्या कलेजीचा' म्हणत. भाषेत काळीज शिल्लक राहिले आणि ताटातून गेले.

सगळा पश्चिम असा आहे असे मात्र समजू नये. आपण 'पाश्चात्त्य' म्हणून सर्वांना एकाच टोपलीत घालतो ते चूक. रोममध्ये टेस्टॅच्चो नावाच्या भागात मोठा कत्तलखाना होता. तिथल्या कामगारांच्या वाट्याला शेपूट, वजडी, आतडी येत. त्यांच्या बायकांनी त्यातून जे पदार्थ उभे केले, ते आज त्या शहराचे मानाचे पदार्थ आहेत. रोमचे लोक या सगळ्याला 'पाचवा चतुर्थांश' म्हणतात. जनावराचे चार भाग श्रीमंतांचे, पाचवा गरिबांचा. हिशोब चुकला असला तरी नाव छान आहे. फ्रान्समध्ये काँ शहराची वजडी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडचे लोक मेंढ्याचे काळीज, कलेजी, फुफ्फुसे ओटच्या पिठाबरोबर त्याच्याच पोटाच्या पिशवीत शिजवून 'हॅगिस' करतात आणि दरवर्षी २५ जानेवारीला आपल्या राष्ट्रकवीच्या जन्मदिनी मोठ्या थाटात खातात. अमेरिकेत १९७१ पासून जनावराची फुफ्फुसे खाण्यासाठी विकायला बंदी आहे, म्हणून खरे हॅगिस तिथे जात नाही. आणि आमच्या बोल्टनला लागून बरी नावाचे गाव आहे, ते डुकराच्या रक्ताच्या 'ब्लॅक पुडिंग'साठी नावाजलेले. म्हणजे सकाळी न्याहारीला रक्त चालते आणि संध्याकाळी गुर्दे पाहून मळमळते! मर्यादा आपल्यालाही आहेत. वाहते रक्त हराम आहे, हनफी फिकहच्या किताबांत पित्ताची पिशवी, मूत्राशय वगैरे सात वस्तू मोजून वगळलेल्या आहेत आणि कलेजी व तिल्ली हलाल असल्याचे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे. आपली रेघ लिहिलेली आहे. त्यांची रेघ पिढीपिढीला सरकते.

ती कशी सरकते याचा एक मोठा प्रयोगच दुसऱ्या महायुद्धात झाला. तो वाचताना मी वाचनालय बंद होण्याची घंटा ऐकली नाही.

इंग्लंडमध्ये मार्च १९४० मध्ये मांसावर रेशन आले आणि ते थेट जुलै १९५४ पर्यंत टिकले. चौदा वर्षे! कलेजी, गुर्दे, काळीज यांना सुरुवातीला रेशन नव्हते, त्यामुळे खाटकाच्या दारात रांग लावून बायका ते मिळवत. अमेरिकेत १९४३ मध्ये मांसाचे रेशन सुरू झाले. चांगले मांस सैनिकांकडे आणि मित्रदेशांकडे जात होते. घरच्या लोकांनी कलेजी-गुर्दे खावेत असे सरकारला वाटे, आणि लोक तर खायला तयार नव्हते. तेव्हा खाण्याच्या सवयींचा अभ्यास करायला एक समिती नेमली गेली. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या सचिव होत्या. या कामासाठी त्यांनी कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. लेविन जर्मनीतले ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर ते अमेरिकेत आले होते आणि आयोवाच्या विद्यापीठात काम करत होते.

लेविन यांनी गृहिणींचे सहा गट केले. प्रत्येकात तेरा ते सतरा बायका. तीन गटांना व्याख्यान दिले. कलेजी-गुर्द्यांत जीवनसत्त्वे किती, देशाला त्याची गरज किती, खर्च किती वाचतो, सगळे तक्त्यांसह सांगितले. पाककृती छापून हातात दिल्या. उरलेल्या तीन गटांना व्याख्यान दिलेच नाही. त्यांना गोल बसवून विचारले, तुमच्यासारख्या बायकांना हे करायला अडचण काय येते? आणि बायका बोलू लागल्या. नवरा तोंड लावणार नाही. शिजताना वास येतो. मुले हसतील. मग त्यांच्यातच उपाय निघाले, आणि शेवटी विचारले, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार? हात वर करा.

आठवड्याने चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ केला होता फक्त तीन टक्के बायकांनी. एकत्र बसून बोललेल्यांपैकी बत्तीस टक्क्यांनी.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. व्याख्यानाने तीन टक्के, हा आकडा कुणी मला तेव्हा सांगितला असता तर माझा पुष्कळ घसा वाचला असता.

युद्ध संपले आणि सगळे फिरले. अमेरिकेत मोठमोठ्या गोठ्यांत धान्य चारून जनावरे वाढू लागली, मांस स्वस्त झाले. घराजवळचा खाटीक गेला आणि सुपरमार्केट आले. कत्तलखान्यातच तुकडे करून, खोक्यांत भरून माल येऊ लागला. त्यात डोके नाही, पाय नाहीत, काळीज नाही. जनावराची आठवण येईल असे काहीच नाही. किळस या भावनेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचे म्हणणे असे की कडू चवीला तोंड वाकडे करणे मूल जन्मतःच घेऊन येते, पण किळस ते पुढे भोवतालच्या माणसांकडून शिकते. चार वर्षांच्या माझ्या नातीने आजोबांचे ताट पाहिले होते. नऊ वर्षांच्या नातीने सुपरमार्केट आणि वर्ग पाहिला आहे.

मग ते काळीज आणि कलेजी जाते कुठे? पुष्कळसे कुत्र्या-मांजरांच्या डब्यांत. बाकीचे बोटीत चढते. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या गाई-बैलांच्या कलेजीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे इजिप्त. अलेक्झांड्रियाच्या रस्त्यांवर मिरची-लसणात परतलेली कलेजी पावात घालून देतात, तिच्यावर तिथले लोक जीव टाकतात. एकाने नाक मुरडावे आणि दुसऱ्याचे पोट भरावे, हा व्यापार मला तरी वाईट वाटत नाही.

आता त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या लोकांना धास्तीचे खरे कारण मिळालेले आहे. १९८६ मध्ये तिथल्या गाईंमध्ये मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. लोक त्याला 'मॅड काऊ' म्हणतात. गवत खाणाऱ्या जनावरांना कत्तलखान्यात उरलेल्या मांस-हाडांची भुकटी खाऊ घातली जात होती, त्यातून तो पसरला. नोव्हेंबर १९८९ मध्ये गाईचा भेजा, पाठीचा मज्जारज्जू, तिल्ली, आतडी वगैरे माणसांच्या खाण्यातून काढण्याचा कायदा आला. मार्च १९९६ मध्ये सरकारने संसदेत कबूल केले की हा रोग माणसांना होत असावा. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, त्यांत तरुण मुले होती. चाळीस लाखांहून अधिक गुरे मारून टाकावी लागली. आमच्या शेजारणीच्या आवाजात ते सांगताना अजून कंप येतो. एक वर्षावरच्या मेंढ्याचा भेजाही तिथे आता मिळत नाही. हलालचा दुकानदारही देणार नाही, मागूही नये. ज्याने गाईला गाय खायला घातली, त्याचे पाप भेज्याने फेडले, असे मला वाटते. पण कायदा योग्यच आहे.

दुसरी गोष्ट आमच्या घरातच घडली. सूनबाईचे रक्त कमी होते. आपल्या रीतीप्रमाणे मी तिच्यासाठी कलेजीचे सूप लावायला निघाले, तेव्हा ती संकोचून म्हणाली, "अम्मी, मिडवाइफने कलेजी बंद सांगितली आहे." तिकडे गरोदर बाईची देखभाल सरकारी मिडवाइफ करते. तिच्या पुढच्या भेटीला मी मुद्दाम सोबत गेले आणि कारण विचारले. तिने शांतपणे समजावले की जनावर आपल्या कलेजीत 'अ' जीवनसत्त्व साठवते, ते जरुरीपेक्षा जास्त पोटात गेले तर गर्भाला अपाय होऊ शकतो. १९९० पासून तिथल्या सरकारचा हा सल्ला आहे. रक्तासाठी गोळ्या दिल्या होत्या, मांस-डाळी-पालेभाज्या चालणार होत्या. यात किळसेचा काही संबंध नव्हता, हिशोब होता. मी सूप ठेवून दिले. आपल्याकडे गरोदर मुलींना घरोघर कलेजी चारली जाते, तेव्हा भगिनींनी हे एकदा आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. युरिक ॲसिड वाढलेल्या पुरुषांनीही.

आणि रक्तासाठी कलेजी ही समजूत आपल्याच नान्या-दाद्यांची आहे असेही नाही. पूर्वी एक प्रकारचा पंडुरोग असा होता की तो झाला म्हणजे माणूस वाचत नसे. १९२६ मध्ये बोस्टनचे डॉक्टर जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी अशा पंचेचाळीस रोग्यांना रोज शे-दोनशे ग्रॅम कलेजी खायला घातली आणि ते उठून बसले. १९३४ चे नोबेल पारितोषिक त्यांना व जॉर्ज व्हिपल यांना मिळाले. त्यातला गुणकारी घटक, ब-१२ जीवनसत्त्व, वेगळा काढायला १९४८ साल उजाडले. तोवर अमेरिकेतला खाटीक जी कलेजी मातीमोल विकत होता, तिच्यावर माणसे जगत होती.

आता चाक पुन्हा फिरते आहे. लंडनमध्ये स्मिथफील्डच्या जुन्या मांसबाजाराजवळ फर्गस हेंडरसन यांनी १९९४ मध्ये 'सेंट जॉन' नावाचे हॉटेल काढले. जनावर मारायचेच तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळे वापरा, बाकी टाकणे हा त्याचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची भाजलेली नळी जगभर गाजली. आपण निहारीतली नळी ताटावर आपटून मगज काढतो, तेच ते, फक्त तिथे त्यासाठी लांब चमचा मिळतो आणि बिलही लांब येते. अमेरिकेत तर सुकवलेल्या कलेजीच्या भुकटीच्या गोळ्या बाटलीतून विकल्या जातात. व्यायाम करणारी तरुण मुले त्या महागात घेतात. कलेजीची चव नको, वास नको, नाव नको, गुण मात्र हवा. मुलाने मला ती बाटली फोनवर दाखवली तेव्हा मी म्हटले, हे म्हणजे नमाज न पढता सवाबाची पावती मागण्यासारखे झाले.

नातीला मी व्याख्यान दिले नाही. लेविनसाहेबांचे ऐकले. एका रविवारी तिला, सूनबाईला आणि मुलाला घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि विचारले, तुला त्यात नक्की काय आवडत नाही? तिने बराच विचार केला. तिची तक्रार वासाची होती, दाताखाली मऊ लागते याची होती, आणि 'लिव्हर' या नावाची होती. मग कलेजी अगदी पातळ कापली, लिंबात ठेवली, रवा लावून तव्यावर कुरकुरीत केली आणि नाव फक्त कलेजीच ठेवले. तिने तीन तुकडे खाल्ले. गुर्द्याला हात लावला नाही. वजडीचे नाव काढताच ती खोलीतून पळाली. मैत्रिणींना सांगशील का विचारले तर म्हणाली, "बघू." सक्ती मी केली नसती. सक्तीने काय होते ते शेजारीण सांगूनच गेली होती.

सूनबाईला मुलगा झाला, अल्हम्दुलिल्लाह, आणि मी परत आले. यंदाची बकरी ईद चिपळूणला झाली. परत आल्यावर आपल्या घरांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले, तर इथेही बोल्टनच आहे. आमच्या खाटकाकडे आता तरुण मुले 'बोनलेस' मागतात. पुण्याला भावाकडे गेले तर फ्रीजमध्ये कोंबडीची नुसती छाती, थाळीत बांधलेली. भाच्याला मुंडी म्हणजे काय ते माहीत नाही. आणि आपणही सगळे साव नाही. कलेजी पाहुण्यांसमोर ठेवतो, वजडी मागताना आवाज खाली येतो. 'ते लोक खातात' हे वाक्य मी आपल्याच घरांत ऐकले आहे. ते ज्यांच्याबद्दल म्हणतात, ती माणसे आपल्याच मोहल्ल्याच्या टोकाला राहतात. इंग्रज बाईला खाटकाच्या दुकानात इतर बायका बघतील असे वाटले होते, त्यापेक्षा हे काय वेगळे?

ईदला मोहल्ल्यात पाच-सहा घरांतून वजडी आणि सिरी जशीच्या तशी देऊन टाकली जात होती. द्यायला हरकत नाही, घेणाऱ्याला आनंदच आहे. पण चौकशी केली तेव्हा देण्याचे कारण निराळे निघाले. नव्या सुनांना साफ करता येत नाही आणि जुन्या बायकांचे गुडघे बसू देत नाहीत. तेव्हा आमची वजडी मी ठेवून घेतली. धाकटी सून आणि शेजारची एक मुलगी, बारावी झालेली, अशा दोघींना परसात बसवले. गरम पाणी, चुना, बोथट सुरी. पाणी उकळते नको, बोट बुडवून जेमतेम सोसेल एवढेच. फार तापले तर काळी साल धरून बसते आणि मग दिवसभर खरवडा. पहिली दहा मिनिटे दोघींनी ओढणीने नाक झाकले होते. मग एका कोपऱ्यातून साल सुटली आणि खालून पांढरे मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसू लागले, तशी त्या मुलीने ओढणी सोडली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली.

"चाची, चुना अजून घालू?"

"थांब, आधी ही बाजू होऊ दे. आणि मीठ-हळद हाताशी ठेव. तीन पाण्यांनी धुवायची आहे अजून."